स्क्रूवरचा ओरखडा

लायसन्स हातात आलं आणि कॅनडातल्या किचनरच्या घरी, बेसमेंटमध्ये, बंदूक दुरुस्तीचं टेबल मांडायचं ठरलं. दुकानात अवजारांचा मोठा संच दाखवत लेक म्हणाली, "आई, फिफ्टी पीसेस! इट्स ऑन सेल!" मी मात्र पितळी हातोडी, बारीक कानस आणि वेगवेगळ्या पात्यांचे चार स्क्रूड्रायव्हर एवढंच घेतलं. घरी तेलाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी थेट चिपळूणला, बाबांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात पोचले.

मी बारा वर्षांची होते. दुरुस्तीला आलेली खोतकाकांची बंदूक उघडायला हाताला लागला तो स्क्रूड्रायव्हर घेतला. पातं खाचेपेक्षा अरुंद होतं. ते सटकलं आणि स्क्रूच्या डोक्यावर चकचकीत ओरखडा उठला. खाचेत घट्ट बसणारा दुसरा स्क्रूड्रायव्हर बाबांनी माझ्या हातात दिला.

संध्याकाळी काकांनी ओरखड्यावर बोट ठेवलं. "हे काय रे, वसंता?"

"माझा हात सटकला," बाबा म्हणाले.

आपण सुटलो, एवढंच तेव्हा वाटलं. वसंताचा हात कधी सटकत नाही, ही त्यांची गावभर ख्याती होती. ती त्यांनी माझ्यासाठी सोडली, हे आता कळतं.

आज शेजाऱ्यांच्या जुन्या बंदुकीचा स्क्रू अलगद फिरला. डोकं कोरं राहिलं.

"नाइस हँड्स, आई!"

"हात तुझ्या आजोबांचा आहे," मी म्हटलं.