पोटातल्या कॉम्प्युटरचं नेट गेलं तेव्हा

सोमवारी सकाळी कोल्ड रूममधून काढलेल्या बादलीचं झाकण उघडलं आणि सीताफळाचा गर वरून चार बोटं तपकिरी निघाला. खालचा पांढराशुभ्र, वरचा चहात बुडवल्यासारखा. दुसरी बादली उघडली, तीही तशीच. गर वितळून पुन्हा गोठला की असा होतो, हे आमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. त्यामुळे काय झालं हा प्रश्न नव्हता. कुणी केलं एवढाच होता, आणि त्याचं उत्तर पाच मिनिटांत तयार झालं.

"मावशीनं दार उघडं टाकलं आसंल."

धारूरच्या डोंगरकडेला आमच्या बचत गटाचा गर काढायचा प्रकल्प आहे. मी तिथली व्यवस्थापक. दोन महिने बालाघाटातली सीताफळं येतात, बायका गर काढतात, आणि तो मायनस अठरावर कोल्ड रूममध्ये जातो. दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत कोल्ड रूमच्या दाराशी मावशी असतात. त्या मेंढपाळाच्या घरच्या. घरचे पुरुष वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे फिरतीवर असतात, आणि या कामासाठी मावशी एकट्या गावात राहतात. शेडच्या मागे त्यांच्या तीन शेळ्या बांधलेल्या असतात. तीनच्या सुमारास त्या पाणी पाजायला जातात. त्यामुळे सगळ्यांचा हिशेब जुळला. शेळ्यांच्या नादात दार राहिलं.

गटाच्या अध्यक्षबाई तडकाफडकी निर्णय घेणाऱ्या. म्हणाल्या, "चार वाजता बैठक घेऊ. मावशीला थांबवायचं, दुसरी बाई बघायची."

मावशी तेव्हा अजून आलेल्याही नव्हत्या.

मी म्हटलं, "चारपर्यंत मला वेळ द्या. तापमानाचा आलेख काढते. दार उघडं राहिलं असेल तर त्यात दिसेल."

"आन् न्हाई दिसलं तर?" एकीनं विचारलं.

"तर तेही दिसेल."

इथे आमच्या कॉम्प्युटरबद्दल सांगावं लागेल. कोल्ड रूममध्ये भिंतीवर एक डबा आहे. तो दर पाच मिनिटांनी तापमान मोजतो आणि केबलवरून कॉम्प्युटरला कळवतो. तापमान चढलं तर कॉम्प्युटर माझ्या मोबाइलवर मेसेज पाठवतो. पण डब्याचं सॉफ्टवेअर फार जुनं, नव्या विंडोजवर चालतच नाही. म्हणून नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो बसवणाऱ्या मुलानं त्याच्याच आत जुन्या विंडोजचा एक अख्खा दुसरा कॉम्प्युटर तयार करून दिला. हात लावता येईल असं त्यात काही नाही. पडद्यावर एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत जुना कॉम्प्युटर चालू असतो. तो मुलगा त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचा. आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मॅडमचा कॉम्प्युटर पोटुशी हाय." तेव्हापासून आमच्याकडे एक वरचा कॉम्प्युटर आणि एक पोटातला.

मी पोटातला उघडला. आलेखाची रेघ मंगळवारी दुपारपर्यंत सरळ होती. मंगळवारी तीन वाजता ती संपत होती. पुढे पाच-सहा दिवस कोरे.

मंगळवारी तीन वाजता काय झालं होतं ते मला शोधावं लागलं नाही. वरच्या कॉम्प्युटरला किती तरी दिवस अपडेट हवे होते, रोज कोपऱ्यात आठवण यायची. त्या दिवशी फळं कमी आली होती, हात मोकळा होता, म्हणून मी सगळे अपडेट एकदम टाकले आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नंतर मेल उघडला, नेट चाललं, समाधानानं घरी गेले. पोटातल्याचं नेट चालतंय का ते पाहिलं नाही. तो काही बोलला नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

आधी मी कोल्ड रूम बसवणाऱ्या मेकॅनिकला फोन लावला. बीडमध्ये त्यांचं दुकान आहे. आम्ही त्यांना भाई म्हणतो.

"भाई, पाच-सहा दिवसांचं तापमान कॉम्प्युटरवर आलंच नाही. गेलं का ते?"

"जातंय कावून? डब्ब्याला सात दिवसांचं सगळं याद राहतं, ताई. कॉम्प्युटर भेटला की सांगून टाकील. तुमी फकत त्यांची गाठ घालून द्या."

"दार उघडं राहिलं होतं का, हे त्यावरून कळेल ना?"

"बिलकुल. दार उघडं राह्यलं तर रेघ टुणकन उडी मारती. मशीन बंद पडलं तर हळूहळू घाट चढती. रेघ झूट बोलत न्हाई, माणसं बोलतेत."

म्हणजे उत्तर भिंतीवरच्या डब्यात पडून होतं आणि ते कॉम्प्युटरपर्यंत येत नव्हतं. कॉम्प्युटर बसवणाऱ्या मुलाला तीनदा फोन केला. तो आता पुण्याला असतो, त्यानं उचलला नाही. मग मीच बसले. साडेअकरा वाजले होते.

पहिली चूक अशी केली की, ज्यानं बिघडलं तेच काढून टाकू असा विचार केला आणि अपडेट उलट फिरवले. त्यात तासाहून जास्त वेळ गेला. पडद्यावर गोल फिरत राहिलं आणि मी बसून राहिले. कॉम्प्युटर चालू झाला, पोटातल्याची स्थिती होती तशीच. एक वाजून गेला होता आणि हातात काही नव्हतं.

मग म्हटलं, घाई पुरे. पाण्याची पाइपलाइन कुठे तुंबली ते शोधताना आपण टाकीपासून नळापर्यंत एकेक जोड तपासतो, तसंच करायचं. वरच्या कॉम्प्युटरवरून डब्याला हाक मारली. डब्यानं लगेच उत्तर दिलं. म्हणजे डबा चांगला, केबल चांगली, राउटर चांगला. पोटातल्यावरून तीच हाक मारली. उत्तर नाही. पोटातल्याचा नेटवर्कवरचा पत्ता काढून पाहिला तर तो एकशे एकोणसत्तरनं सुरू होत होता. आमच्या प्रकल्पातले सगळे पत्ते एकशे ब्याण्णवनं सुरू होतात. हे एकशे एकोणसत्तर मला माहीत होतं. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज आपलाच एक पत्ता ठरवून घेते. म्हणजे तुंबलं होतं ते वरच्या आणि पोटातल्याच्या मधल्या जोडात. आता शोधायची जागा लहान झाली आणि माझा जीव शांत झाला.

पोटातला नीट बंद केला. आम्ही तो कधी बंद करत नाही, संध्याकाळी नुसता झोपवतो, आणि झोपलेल्या मशीनच्या सेटिंग बदलता येत नाहीत हेही त्याच दिवशी समजलं. सेटिंगमध्ये नेटवर्कचं पान उघडलं. पोटातल्यानं वरच्याच्या कोणत्या नेटवर्क कार्डातून बाहेर जायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. कार्डाचं नाव होतं, वाचलं, बरोबर वाटलं. पुढे जाणार होते. पण शेजारच्या बाणावर दाबून यादी उघडली, तर यादीत तेच नाव, पण शेवटी दोनचा आकडा. बिनआकड्याचं नाव यादीत नव्हतंच.

अपडेटनं कार्डाची नव्यानं नोंद केली होती. कार्ड तेच, बसलेलं तिथेच, पण कागदोपत्री आता दुसरं. अपडेट काढले तरी नवं नाव तसंच राहिलं. आणि पोटातला मंगळवारपासून जुन्या नावानं हाका मारत होता. माझं स्वतःचं लग्नात नाव बदललं तेव्हा सासूबाई नव्या नावानं हाक मारायच्या आणि मी पहिले काही दिवस ढिम्म बसायचे, दुसऱ्या कुणाला बोलावतायत असं समजून. इथे कार्डाचं नाव बदललेलं कुणी पोटातल्याला कळवलंच नव्हतं, एवढाच फरक.

आकडा दोनवालं नाव निवडलं, ठीक म्हटलं, पोटातला चालू केला. पत्ता पाहिला. एकशे ब्याण्णव.

तोवर तीन वाजले होते. बैठकीला बायका लवकर यायला लागल्या होत्या आणि माझ्या खुर्चीमागे उभ्या राहत होत्या. मावशी दोनला येऊन दाराशी कामाला लागल्या होत्या. आत काय चाललंय ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही.

डब्याचं सॉफ्टवेअर उघडलं. लाल ठिपका हिरवा झाला आणि खिडकी आली. साठवलेल्या नोंदी आणायच्या का? हो म्हटलं. टक्के हळूहळू चढू लागले. चाळीसच्या आसपास असताना माझा टेबलावरचा मोबाइल वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. अध्यक्षबाईंनी उचलून मोठ्यानं वाचलं, "तापमान मर्यादेपेक्षा जास्त. गुरुवार, अकरा पंचावन्न." पुढचा मेसेज, "गुरुवार, बारा वाजता." त्याच्या पुढचा, बारा पाच.

"आत्ता येतंय व्हय गुरुवारचं?" एकजण म्हणाली. "लई तरतरीत हाय मॅडमचा कॉम्प्युटर."

आलेख पूर्ण झाला. गुरुवारी अकरा चाळीसपासून रेघ घाट चढत होती, एकसारखी, कुठेही उडी नाही. दोन वाजेपर्यंत ती बरीच वर गेली होती. सव्वादोनला एक बारीक टेकडी होती, एखाद्या नोंदीपुरती, मावशी आत जाऊन आल्याची आणि दार लावल्याची. नंतर पुन्हा घाट. संध्याकाळी रेघ आपोआप खाली उतरायला लागली होती.

"गुरुवारी दिवे होते की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पंखा पण होता. मी इथंच होते."

"दिवे राहतात," मी म्हटलं. "तीनपैकी एक फेज गेली तर दिवे राहतात आणि कंप्रेसर बंद पडतो. फळं आली नव्हती, गर काढायचं मशीन कुणी लावलंच नाही, नाहीतर तेव्हाच कळलं असतं."

मागून एकजण म्हणाली, "बेस्तरवारी गिरणी बी बंद व्हती. दळण तसंच माघारी घेऊन आलते मी. गिरणीवाला म्हणला, फेज न्हाई."

हे सगळं बोलणं चालू असताना मी त्या सव्वादोनच्या बारीक टेकडीकडे बघत होते. मला ती दुपार आठवली. सव्वादोनला मावशी कोल्ड रूममधून बाहेर आल्या होत्या, थेट माझ्या टेबलापाशी. "बाई, आत आज लई गार न्हाई लागत." मी कागदांतून मान वर न काढता म्हणाले होते, "मेसेज आला नाही मावशी, म्हणजे सगळं ठीक आहे." त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

आमच्याकडे हीच रीत आहे. माणसं सहा-सहा महिने बाहेरगावी असतात, आणि फोन आला नाही म्हणजे बरं चाललंय असं धरून घरं चालतात. मी कॉम्प्युटरलाही तोच नियम लावला होता.

बैठक चारला बसली. मावशी दाराजवळ बसल्या, मागे. मी उभी राहिले आणि क्रमानं सांगितलं. मंगळवारी अपडेट मी टाकले. पोटातल्याचं नेट त्यानंच गेलं आणि मी तपासलं नाही. गुरुवारी फेज गेली तेव्हा मेसेज आला असता तर मी जनरेटर लावायला लावला असता आणि गर वाचला असता. मेसेज आला नाही तरी मावशींनी सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही. दार बंद होतं.

मग जी दुपारपासून टोमणे मारत होती तीच म्हणाली, "मंग आता मॅडमलाच काढायचं का?"

"काढा," मी म्हटलं. "पण नव्या बाईला आधी पोटातला दाखवावा लागेल. त्याला एक दिवस जाईल."

त्यावर हसल्या. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मावशींकडे वळून म्हणाल्या, "मावशी, सकाळी मी बोलले ते चुकलं माझं. तुमचं काम आहे तसंच चालू." आणि वही मिटायला लागल्या.

"मिटू नगा," मावशी म्हणाल्या. दिवसभरात त्यांचं हे पहिलंच बोलणं मी ऐकत होते. "सकाळी नऊला बोललात आन् दुपारी मला दिराचा फोन आला. त्यो तिकडं मेंढराकडं हाय, त्याला बी म्हाईत झालं. मी दोनला कामाला आले तर शेळ्यांना पानी पाजताना लोकं इचारायलेत. तोंडानं म्हणलेलं तुमच्यापाशी ऱ्हाईल. वहीत लिवा."

"काय लिहू?"

"दार बंद व्हतं आसं लिवा. आन् मी सांगितलं व्हतं आसं लिवा. कुणाला सांगितलं ते बी लिवा."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा." त्यांनी लिहिलं. मावशींनी वाचून दाखवायला सांगितलं. एकदा वाचलं. त्यांनी मान हलवून पुन्हा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा वेळ राहिली होती. अध्यक्षबाईंनी मध्ये "सव्वादोन वाजता" घातलं आणि तिसऱ्यांदा सगळं वाचलं. मग मावशी उठल्या, वहीच्या त्या पानावर सही केली, आणि त्या पानाचा फोटो मोबाइलवर काढून त्यांच्या दिराला पाठवायला मला सांगितलं.

मी पाठवलं. गेलं का ते त्यांनी माझ्याच हातातल्या पडद्यावर वाकून पाहिलं. पोचल्याच्या दोन खुणा दिसेपर्यंत थांबल्या आणि मग खराब बादल्या बाहेर काढायला कोल्ड रूमकडे गेल्या. बादलीची दुसरी बाजू धरायला मी त्यांच्यामागे गेले.