डाव्या चाकाचा ब्रेक

माझी पहिली आणि शेवटची पोस्टिंग अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या राखीव दलाच्या एका मेंटेनन्स कंपनीत होती. महिन्यातला एक वीकेंड आणि उन्हाळ्यातले दोन आठवडे ड्रिल. राज्यात पूर किंवा वादळ आलं, की चोवीस तासांत हजर. रँक स्पेशालिस्ट, म्हणजे साध्या शिपायाच्या जरा वरची, काम गाड्यांची दुरुस्ती. सहा वर्षं मी ते केलं. एरवी मी ग्रंथालयात नोकरी करत होते, अजूनही करते.

हे लिहिण्याचं कारण एकच आहे. माझे सेक्शन चीफ, स्टाफ सार्जंट डेल हॅल्वरसन, पुराच्या ड्युटीवर असताना गेले. चौकशीच्या पहिल्या अहवालात लिहिलं होतं, की त्यांनी परवानगीशिवाय स्वतःचा जुना पिकअप वापरला, त्या पिकअपमध्ये ओझं ओढण्याची ताकद नव्हती, त्यामुळे हा मृत्यू 'लाइन ऑफ ड्युटी' धरता येत नाही. साध्या भाषेत, त्यांना मरण ड्युटीमुळे आलं नाही, स्वतःच्या चुकीने आलं.

त्या दुपारी तो पिकअप मी दुरुस्त केला होता. त्यात ताकद होती की नव्हती, हे मला माहीत आहे.

आमच्या ड्रिलचा दिवस ०६३० ला हजेरीने सुरू व्हायचा. मग मोटर पूलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या आवारात, तपासणी. हॅल्वरसन यांचा नियम होता, की नुसतं ऑइल बघायचं असलं तरी मॅन्युअल बॉनेटवर उघडं पाहिजे. बाकीची मुलं त्यावर हसायची. मला तो नियम आवडायचा. पुस्तक वाचण्याची ऑर्डर मिळते अशी दुसरी जागा मी पाहिली नव्हती.

दुसरा नियम ट्रेलरचा. सैनिकी ट्रेलरला हँडब्रेकचे दोन लीव्हर असतात, दोन्ही चाकांना एक-एक. ट्रेलर जोडला, की दोन माणसं दोन बाजूंना उभी राहायची. एक ओरडायचा, "डावा सुटला." दुसरा ओरडायचा, "उजवा सुटला." ड्रायव्हर दोन्ही वाक्यं परत म्हणायचा आणि मगच गिअर टाकायचा. हॅल्वरसन यांच्यासमोर हे कोणी कधी चुकवलं नाही.

त्यांचा स्वतःचा पिकअप नव्वदच्या दशकातला होता. व्ही-एट इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक. त्याला त्यांनी मूळ मापापेक्षा चार इंच उंच टायर बसवले होते. आमच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्यांना तसलेच टायर असायचे. सैनिकांना ती हौस असते.

"सार्जंट, या टायरांनी गाडी मंद होते," मी एकदा म्हणाले होते.

"सोमण, या टायरांनी गाडी देखणी होते."

"मॅन्युअलमध्ये टायरचं माप दिलंय."

"मॅन्युअल आर्मीच्या गाड्यांना. ही माझी आहे."

एप्रिलमध्ये बर्फ एकदम वितळलं आणि नदी चढली. आम्हाला मंगळवारी बोलावणं आलं. बुधवारी सकाळी हॅल्वरसन आणि मी नदीकाठच्या एका छोट्या गावात, शाळेच्या मैदानावर होतो. आमच्या ताब्यात ट्रेलरवरचा एक जनरेटर होता. हॅल्वरसन यांचं घर नदीच्या त्याच बाजूला होतं, म्हणून ते सरळ घरून आपल्या पिकअपने आले होते.

गावाबाहेर टेकडीवर वृद्धांचं एक नर्सिंग होम होतं. त्याची वीज पहाटे गेली. तिथले बरेच जण ऑक्सिजनवर होते. तिथल्या नर्सने फोनवर सांगितलं, की मशीनच्या बॅटऱ्या संपल्यात आणि सिलिंडर फार तर संध्याकाळी पाचपर्यंत पुरतील. अँब्युलन्स येण्याचा रस्ता पाण्याखाली होता. जनरेटर ओढायला आमचा मोठा ट्रक यायचा होता, पण ११४० ला पूल बंद झाला आणि ट्रक पलीकडे अडकला.

११५२ ला हॅल्वरसन यांनी रेडिओ उचलला; रेडिओवर आमचं नाव वन-टू होतं. मी शेजारी उभी होते.

"बेस, वन-टू. जनरेटर इकडे, ट्रक पुलापलीकडे. ओव्हर."

"वन-टू, ओढायला दुसरं काय आहे? ओव्हर."

"माझा पिकअप. ओव्हर."

रेडिओ खरखरला. मग आमच्या कंपनीच्या कॅप्टनचा आवाज आला.

"वन-टू, जे आहे ते वापरा. आउट."

मी वेळ आणि वाक्य खिशातल्या हिरव्या वहीत लिहिलं. बेसच्या लॉगमध्ये ते वाक्य नंतर सापडलं नाही.

शेतीची अवजारं ओढायला पिकअपच्या मागे जाड आकडा होता. ट्रेलरची कडी त्यात बसली. १३१० ला आम्ही निघालो. सपाटीवरच गाडी जड वाटत होती. चढ सुरू झाल्यावर वेग बारा मैलांवर आला. गिअर वर-खाली होत राहिला, तापमानाचा काटा चढला. अर्ध्या चढावर गाडी थांबली. मी चाकांमागे ठोकळे लावले. मग हॅल्वरसन यांनी ट्रेलरसकट गाडी इंच-इंच मागे घेत खाली आणली.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"माहीत नाही, सार्जंट."

"'माहीत नाही' ही वेळ नाही, सोमण."

"दीड तास."

"सव्वा."

त्यांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये पिकअपचं मॅन्युअल होतं, कव्हरवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. मी ते बॉनेटखाली उघडलं आणि सोप्या गोष्टीपासून सुरुवात केली. इंजिनला हवा पुरते का? एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचं घरटं होतं. ओटची टरफलं, कापूस, चिंध्या.

"सार्जंट, इथे एक कुटुंब राहतंय."

"भाडं देत नाहीत," ते म्हणाले. "काढ त्यांना."

घरटं काढलं, फिल्टर झटकून परत बसवला. हवा मोजणारा सेन्सर स्प्रेने धुतला. ओव्हरड्राइव्ह बंद ठेवायचं ठरवलं, म्हणजे गाडी ओझं घेऊन सारखी चौथ्या गिअरमध्ये जायला बघणार नाही. मग टायर. चाक मोठं, की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, आणि तेवढा इंजिनचा जोर कमी पडतो. रिकाम्या गाडीला ते चालून जातं. ट्रेलर लावल्यावर चालत नाही.

"मूळ चाकं कुठे आहेत?" मी विचारलं.

त्यांनी मोठ्या टायरवर हात फिरवला.

"सार्जंट."

"शेडमध्ये," ते म्हणाले आणि बायकोला फोन लावला.

बेकी १३५५ ला व्हॅनमध्ये चार चाकं टाकून आली. खाली उतरून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"चार वर्षं मी हेच सांगतेय, डेल. एका स्पेशालिस्टचं ऐकलंस."

"ऑर्डर आहे," हॅल्वरसन म्हणाले. "आता पोस्टमनची गाडी दिसेल ही."

"पोस्टमन वेळेवर पोचतो."

तिघांनी मिळून चाकं बदलली. बेकीने स्वतः नट आवळले आणि ती मोठे टायर घेऊन घरी गेली. तिने त्यांना जिवंत पाहिलं ते शेवटचं.

१४४० ला ते स्टिअरिंगवर बसले. मी ट्रेलरच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि सवयीने ओरडले, "उजवा सुटला."

डावीकडून उत्तर आलं नाही. तिथे कोणी नव्हतं.

मी वळसा घालून गेले. डावा लीव्हर अर्धा वर होता. ब्रेकचा ड्रम अजून कोमट होता आणि जळका वास येत होता. पहिल्या खेपेला आम्ही एक चाक ब्रेकमध्ये धरून तो चढ चढायला निघालो होतो.

हॅल्वरसन उतरून आले. त्यांनी लीव्हरकडे पाहिलं.

"उजवा कुणी सोडला होता?"

"मी."

"डावा?"

"तुम्ही सोडला असेल असं मी धरलं."

"मी धरलं, तू सोडला असशील."

आर्मीचा ट्रक असता, तर आम्ही दोघंही ओरडलो असतो. समोर घरची गाडी होती. तिला आर्मीची पद्धत लागू नाही, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

त्यांनी लीव्हर पूर्ण खाली दाबला. "वहीत लिही," ते म्हणाले. "दोघांची नावं घाल."

मी लिहिलं, १४४२.

१४५० ला निघालो. चढावर थर्ड गिअर, वेग पस्तीस, काटा मध्यावर. १४५८ ला टेकडीवर होतो. १५२५ ला ऑक्सिजनची मशीन सुरू झाली. ब्रेकने किती फरक पडला, टायरने किती आणि उंदराच्या घरट्याने किती, हे मी मोजून सांगू शकत नाही. सगळ्यात जास्त ब्रेकने पडला असं मी मानते. गाडी ओझं घेऊन चढली, एवढं मी शपथेवर सांगते.

जनरेटरच्या टाकीत डिझेल थोडं होतं. १६५० ला हॅल्वरसन मोकळी गाडी घेऊन डिझेलचा छोटा ट्रेलर आणायला खाली गेले. मला जनरेटरपाशी थांबायची ऑर्डर होती. १७३८ ला रेडिओ वाजला.

"सोमण, डिझेल घेऊन येतोय. थर्ड गिअर, पस्तीस. दोन्ही ब्रेक सुटलेत. ओव्हर."

"रॉजर, सार्जंट. आउट."

मला खालून इंजिनचा आवाज येत होता. एकसारखा, न अडखळता. मग तो थांबला.

खालच्या वळणावर पाण्याने रस्त्याच्या पोटातली माती नेली होती. मागून एक शेतकरी ट्रॅक्टरवर येत होता. त्याने जबानीत सांगितलं, की गाडी घसरली नाही, बंद पडली नाही, गाडीखालचा रस्ताच गेला. हॅल्वरसन १९२० ला सापडले.

तीन आठवड्यांनी कॅप्टनने मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझ्या नावाची टाइप केलेली जबानी तयार होती. त्यात होतं, की पहिल्या खेपेला वाहन चढ चढू शकलं नाही, ते त्या ओझ्यासाठी अपुरं होतं.

"सही कर," कॅप्टन म्हणाले.

"अर्धंच लिहिलंय, सर. दुसऱ्या खेपेला गाडी चढली."

"तू काही एक्स्पर्ट नाहीस, स्पेशालिस्ट."

"मग माझी सही कशाला हवी, सर?"

त्यांनी कागद माझ्याकडे आणखी सरकवला. "पिकअप वापरायची परवानगी कोणी दिली नव्हती. लॉगमध्ये तसा मेसेज नाही."

"माझ्या वहीत आहे, सर. ११५२."

"तुझ्या वहीत ब्रेकची चूकही आहे. तुझ्या नावासकट. ती वही पुढे आली, तर ती चूकही पुढे येईल."

"हो, सर. तीही द्यायची आहे."

मी सही केली नाही. ईडन प्रेरीला घरी आले, तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. ते नागपूरहून आयटीच्या नोकरीवर इकडे आले, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तेव्हापासून सरकारी कागद आला, की त्यांचं जेवण कमी होतं.

"मुग्धा, तुझी सिटिझनशिपची फाइल पेंडिंग आहे," बाबा म्हणाले. "या वेळी कॅप्टनशी पंगा घ्यायचा? आणि वर आपलीच चूक लेखी द्यायची? कोण करतं असं?"

"झाली होती चूक, बाबा."

"झाली ना? आणि सुधारलीस ना? मग विषय संपला. सही कर आणि मोकळी हो."

"मी मोकळी होईन. हॅल्वरसन अडकतील."

"अगं, तो माणूस आता..." बाबा थांबले.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बोला की पुढे. त्या बेकीसमोर म्हणता येईल असं असेल, तर बोला."

बाबा उठले. त्यांनी आपल्या टेबलाचा ड्रॉवर उघडून मला कोरे कागद आणून दिले.

मी अकरा पानं हाताने लिहिली. चार रविवार लागले. प्रत्येक गोष्टीपुढे वेळ घातली. उंदराचं घरटं लिहिलं, टायरचं माप लिहिलं, डावा लीव्हर लिहिला, दोघांची नावं लिहिली. रेडिओवरची दोन्ही संभाषणं शब्दशः लिहिली. शेतकऱ्याच्या जबानीची प्रत बेकीने मिळवली. ती सोबत जोडली आणि सगळं कॅप्टनच्या वरच्या ऑफिसला पाठवलं. त्यानंतर कंपनीत माझ्याशी कामापुरतं बोललं जायचं. मी कामापुरती जात राहिले.

सात महिन्यांनी पहिला अहवाल बदलून दुसरा निर्णय आला. मृत्यू, लाइन ऑफ ड्युटी, होय. बेकीने फोनवर मला तो दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा तिला 'होय'च्या आधी थांबावं लागलं. माझी फाइलही पुढे यथावकाश मंजूर झाली. बाबांनी पेढे वाटले. त्या कॅप्टनबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

पण दुसऱ्या निर्णयाला जोडलेल्या तांत्रिक पानावर एक वाक्य तसंच राहिलं आहे. 'वाहनाची ओढण्याची क्षमता अपुरी होती.' मी दुरुस्ती मागितली. उत्तर आलं, की निर्णय कुटुंबाच्या बाजूने लागला आहे, प्रकरण बंद झालं आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. आता मी सैन्यात नाही, मला कोणी ऑर्डर देऊ शकत नाही आणि गप्पही बसवू शकत नाही. दर एप्रिलमध्ये मी पत्र पाठवते. ऑफिसातला माणूस दर वेळी वेगळा असतो. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि मी सांगते.

हॅल्वरसन एकेचाळीस वर्षांचे होते. एरवी ते शाळेची बस चालवायचे. कॉफी निवल्यावर प्यायचे. मी कंपनीत आले त्या दिवशी त्यांनी माझं आडनाव तीनदा विचारलं, चौथ्यांदा स्वतः बरोबर उच्चारलं, आणि पुढे कोणी चुकीचं म्हटलं, की त्याला थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. ते आणत होते ते डिझेल पोचलं नाही. दुसरं आठच्या सुमारास बोटीने आलं. तोपर्यंत जनरेटर टाकीच्या तळाशी उरलेल्या डिझेलवर चालला. टेकडीवरचं एकही माणूस त्या दिवशी गेलं नाही.

यंदाचं पत्र मी आज पोस्टात टाकलं. पहिल्या ओळीत त्यांची रँक आणि पूर्ण नाव लिहिलं आहे. दुसऱ्या ओळीपासून वेळा सुरू होतात.