वाळू झाडणारा वेंडेल

"ऊठ," साहेब म्हणाला. "ऊठ, पाहुणे बघतायत."

वेंडेल उठणार कसा? कोंबडीची तंगडी सांध्यातून सुटावी तसा त्याचा उजवा गुडघा मागे गेला होता. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर खेळाडूंचे इस्त्रीचे कपडे घेऊन उभी होते. सिमेंटवरचा ओला चिखल त्याने मुठीत घेतला आणि साहेबापुढे धरला. साहेबाने तोंड फिरवलं.

हा साहेब तेल कंपनीच्या क्लबचा मॅनेजर, इंग्रज. त्याचं नाव मी घेत नाही, घ्यायच्या लायकीचं नाही. वेंडेल काळा अमेरिकन, बास्केटबॉल खेळून पोट भरणारा. गोष्ट साठ सालानंतरची, कुवेतची. माझा नवरा इब्राहिम क्लबच्या भटारखान्यात होता, मी खेळाडूंचे कपडे धुवायची. आम्ही दाभोळचे.

अरब पोरं त्याला तवील म्हणत, म्हणजे लांब. मी वेंडेल म्हणायची. नाव आहे ना माणसाला? आमच्या लोकांत राहून तो मोडकं हिंदी शिकला होता, मला सगळ्यांसारखा भाबी म्हणायचा. जेवायला यायचा तेव्हा चौकट डोक्याला लागायची. मी ओरडायची, "अरे, दार मोडशील माझं!" तो म्हणायचा, "दार छोटा बनाया, भाबी, मैं क्या करूँ?" आणि माशाच्या सारात तांदळाची भाकरी बुडवून अशी खायचा की मला पुन्हा पीठ मळायला लागायचं.

त्याच्या देशात मोठ्या संघांत काळे एकदोनच घेत, बाकीच्यांनी घरी बसायचं. म्हणून तो इतक्या लांब आला. इकडच्या सामन्यांत पगारी खेळाडू चालत नसे, तर साहेबाने त्याला गोदामातला माणूस म्हणून दाखवला. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. मी विचारलं, "गोदामात करतोस काय रे?" म्हणाला, "ऊपर का सामान उतारता हूँ. मैं कंपनी की सीढ़ी हूँ, भाबी."

खेळायच्या आधी तो मैदान स्वतः झाडायचा. तिथे वारा सुटला की पिठासारखी वाळू सिमेंटवर बसते. तो कोरड्या झाडूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडायचा, मग गोणपाट ओढायचा. बाकीचे खेळाडू हसत. त्याचं म्हणणं एकच, "पहले नीचे देखो. ऊपर तो सब देखता है." वर म्हणजे चेंडू टाकायची ती जाळी. बुटाचा तळवासुद्धा तो तळहाताने पुसून बघायचा.

त्या दिवशी दुपारभर धूळ उडत होती. चषकाचा शेवटचा सामना, शेख मंडळी यायची होती, सामने भरवणारे अधिकारीही. मैदान छान दिसावं म्हणून साहेबाने रस्त्यावर मारतात तसं टँकरने पाणी मारून घेतलं. सिमेंटवर धूळ, वर पाणी. आमच्या गावातली शेंबडी पोरगीही सांगेल काय होणार. वेंडेल झाडू घेऊन धावला. "साहेब, सुखाने दो! थोडा टाइम दो!" साहेब म्हणाला, "तुला खेळायला आणलंय, झाडायला नाही. झाडू ठेव." वेंडेलने झाडू ठेवला. सामना सुरू झाला, जाळीपाशी तो उडी मारून खाली आला आणि पाय घसरला.

क्लबच्या दोन पोऱ्यांनी त्याला पिकअपमध्ये टाकला. मी मागे बसले. इस्पितळाच्या दारावरचा माणूस म्हणाला, गोदामातल्या माणसाला साहेबाचा फोन आल्याशिवाय आत घेता येत नाही. "भाबी," वेंडेल म्हणाला, "पाँव किधर है? मालूम नहीं पड़ता." मी हात लावला. पाऊल बर्फासारखं होतं.

मी पिकअप परत क्लबवर धाडली, इब्राहिमकडे. तो आत पाहुण्यांना वाढत होता. सामना जिंकल्याची दावत. फोन त्याच खोलीत, आणि सामन्यांचे अधिकारी त्याच सतरंजीवर. इब्राहिमने वाकून कानात सांगितलं तर साहेब पुटपुटला, "यांच्यासमोर काय सांगू? खेळायला पगार देतो हे यांनी ऐकलं तर चषक जाईल. पाहुणे जाऊ देत."

"कधी जाणार, साहेब?"

"जेवण तर होऊ दे. मटण आण."

मटण गेलं. पाहुणे गप्पा मारतायत, साहेब हसतोय. इकडे मी दारावरच्या माणसाला शिव्या घालतेय, कोकणीतून, आणि तो म्हणतोय, "अम्मा, मेरी नौकरी जाएगी."

अरबांच्या घरी जेवण, कॉफी झाली की शेवटी ऊद जाळून धुपाटणं फिरवतात. धूप फिरला की पाहुण्याने उठायचं, मग बसून राहत नाहीत. इब्राहिमने भात ताटात असतानाच निखाऱ्यावर ऊद टाकला आणि धुपाटणं घेऊन आत गेला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वयाने मोठा होता त्या शेखाने हात आखडला, धूर दाढीला लावून घेतला आणि उठला. मागोमाग सगळे उठले. साहेब लालबुंद.

"हे काय केलंस, मूर्खा?"

"पाहुणे गेले, साहेब. फोन करा."

फोन झाला. दार उघडलं. डॉक्टर म्हणाला, गुडघ्यामागची रक्ताची नळी तुटलीय, पाय मेलाय, विष वर चढतंय. लगेच आत आणला असता तर पाय राहिला असता. आता कापला नाही तर माणूस जाईल. त्याने मांडीतून कापला.

साहेबाने इब्राहिमला सकाळीच काढलं. चषक क्लबात काचेमागे ठेवला. वेंडेल गोदामात फळीवरून पडला असं ठरलं, आणि सगळ्यांनी ते म्हटलं. गावात अजून कोणी म्हणतं, नशीब. नशिबाने टँकर आणला नव्हता.

आम्ही सामान बांधून इस्पितळात गेलो. वेंडेल उशीला टेकून बसला होता. उजव्या पायाच्या जागी चादर सपाट होती. इब्राहिमला बघून म्हणाला, "भाई, मटण बचा क्या?" इब्राहिम रडायला लागला. मी डबा उघडला. पाय गेला होता. वेंडेल जगला.