खुंटीवरचा निळा कोट

शहरोशहरी शाखा असलेल्या त्या करिअर कॉलेजात लेकीच्या प्रवेशासाठी गेलो होतो. भिंतीवरच्या फोटोंत 'नोकरी लागलेले आमचे विद्यार्थी' हसत होते. हसू ज्याचं त्याचं होतं, निळा कोट मात्र सगळ्यांचा एकच, मधलं बटण तुटलेला. तोच कोट दाराशी खुंटीवर लटकत होता.

"घाल गं, फोटो आजच काढून ठेवू," अर्ज घेणाऱ्या मॅडम लेकीला म्हणाल्या. "नंतर कुणी फिरकत नाही."

भिंतीवरच्यांपैकी किती जणांना खरंच नोकरी लागली असेल? विचारणार होतो, तेवढ्यात लेकीने कोट चढवून लांब बाह्या आत दुमडल्या.

"बाबा, शोभतो ना?"

"शोभतो," मी म्हणालो. "फक्त ही प्रवेशाची फाईल जरा बटणापाशी धर."