दोन बोटं जास्त

तीन आठवडे झाले. तिरुपूरच्या कारखान्यात मशीनवर बसले होते, तेव्हा रजनीबाईंच्या गाण्याच्या विद्यार्थिनीचा, श्रद्धाचा, जळगावहून फोन आला. "बाई गेल्या गं..." आणि माझ्या तोंडून निघालं, "पोलकं कोणतं घातलं?" असं कुणी विचारतं का! पण आमची ओळखच पोलक्यापासूनची.

मी यावलची. नववीत शाळा सुटली, जळगावला शिवणाच्या दुकानात लागले. माप दोनदा घ्यायचे, तरी कात्री लावण्याआधी पुन्हा टेप धरायचे. बाई परदेशात ऑपेरा शिकलेल्या. आईच्या आजारपणात परत आल्या आणि इथंच मुलींना गाणं शिकवत राहिल्या. सकाळी त्यांनी वरचा सूर लावला की शेजारच्या अक्का पाण्याचा तांब्या घेऊन धावायच्या, "काय व्हयनं वं बाईले?"

धुळ्याच्या कार्यक्रमासाठी मी त्यांचं पोलकं शिवलं, अगदी अंगाबरोबर. गाण्यातली नायिका विष पिते आणि मरता मरता दहा मिनिटं गाते. बाईंनी छाती भरून श्वास घेतला, आणि पाठीवरचे हूक तटातट तुटले. एक तर मागं बसलेल्या पियानोवाल्याच्या चष्म्यावर! बाईंनी पदर लपेटला आणि शेवटच्या सुरापर्यंत नीट मेल्या. मेले मी, शेवटच्या रांगेत. काम सुटणार हे नक्की होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. मालकाला म्हणाल्या, "चूक माझी. हिनं उभ्या बाईचं माप घेतलं, मी गाणाऱ्या बाईचं द्यायला हवं होतं." मग श्वास भरून मला खुणेनंच, धर टेप! तीन इंच वाढले. तेव्हापासून वहीत त्यांची दोन मापं, साधं आणि श्वासातलं. पुढं त्यांच्या सगळ्या मुलींचे कपडे माझ्याकडे आले, त्यावरच माझा हात बसला.

मग मी इकडे तिरुपूरला आले. गेल्या दिवाळीत जळगावला गेले, तर बाई आजारानं अर्ध्या झालेल्या. तरी त्यांनी पोलकं शिवायला दिलं. "श्वास घ्या," म्हटलं. टेप हललीच नाही... मी गुपचूप जुनं माप लिहिलं, पण बाईंनी वहीत डोकावलं.

"खोटारडे! बुजगावणं करतेस का माझं?"

मग साध्या मापाचंच शिवलं, पण शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवलं. म्हटलं, "गायला लागलात की उसवू."

"उसवायला तरी ये म्हणजे झालं."

श्रद्धा म्हणाली, तेच घातलं. छान बसलं होतं.

सुटीच्या दिवशी इथल्या बायका खोलीवर पोलकी शिवायला आणतात. मोडक्या तमिळमध्ये मी म्हणते, श्वास घ्या. एकीनं तर डॉक्टरकडे दाखवतात तशी जीभही काढून दाखवली! मी वहीत दोन मापं लिहिते आणि आत दोन बोटं जास्त ठेवते. कोण कधी गायला लागेल, सांगता येत नाही.