एक वाजताचा हिरवा ठिपका

बाबा जेवले की नाही, हे मला त्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतल्या संगणकावर कळायचं. पडद्यावर पाच गोल ठिपके होते: घराचं पुढचं दार, न्हाणीघरातला दिवा, फ्रिज, स्वयंपाकघरातला नळ आणि जेवणाच्या टेबलाशी असलेली त्यांची खुर्ची. जिथे हालचाल झाली, तो ठिपका हिरवा व्हायचा. एकच्या सुमारास आधी फ्रिज, मग नळ, मग बराच वेळ खुर्ची आणि शेवटी पुन्हा नळ असा क्रम लागला, की बाबा जेवले असं मी धरायचे आणि माझा डबा उघडायचे.

हा सगळा उद्योग माझाच. चंडीगडच्या एकोणचाळीस सेक्टरमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी मोजमापाची उपकरणं बनवायचे. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती आणि आमच्या ग्रंथालयात येणारी परदेशी मासिकं एकच पालुपद आळवत होती: उद्याचं घर स्वतः विचार करील, फ्रिज दूध संपल्याचं कळवील, वस्तू एकमेकींशी बोलतील आणि माणूस निर्धास्त होईल. आमच्या क्वार्टरमधली ट्यूबलाइट चार वेळा डोळे मिचकावल्याशिवाय पेटत नसे, तरी माझा या सगळ्यावर ठाम विश्वास होता. आजही बराचसा आहे. त्या मासिकांत लिहिलेलं पुष्कळसं खरं झालं.

बाबा विदर्भातल्या एका छोट्या लाइनवर स्टेशनमास्तर होते. निवृत्त झाल्यावर तिकडेच राहत. आई गेली आणि वर्षभराने मी त्यांना जवळजवळ उचलूनच इकडे आणलं. माझा नवरा हवाई दलात, तेव्हा आसामात होता. मुलगी आठवीत, शाळा आणि शिकवणी उरकून संध्याकाळीच यायची. आजोबा मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि थोड्या वेळाने दोघंही दमायची. शेजारी चांगले होते. 'पापाजी, ठीक हो?' असं फाटकातून रोज विचारायचे. पण 'ठीक हूं जी' एवढ्या तीन शब्दांवर माणसाचा दिवस जात नाही.

संस्थेच्या आवारातल्या क्वार्टर्सना नुकतीच नेटवर्कची केबल आली होती. मी एका रविवारी शिडी लावून घरभर तारा ओढल्या. दारांना चिमुकली चुंबकं चिकटवली, खुर्चीच्या गादीखाली दाब कळणारी पट्टी सरकवली आणि सगळ्यांची टोकं मागच्या व्हरांड्यातल्या एका डबीत आणून सोडली. बाबा माकडटोपी घालून, शेंगा सोलत हे बघत होते.

"हे काय करून राहिली तू?"

मी समजावायला लागले. पाच मिनिटांत त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे लाइन क्लिअरच की, बाप्पा! पुढच्या स्टेशनाले विचाराचं, रूळ मोकळा आहे काय. त्यानं हो म्हटलं का गाडी सोडाची. तुले मी दिसत नाही, पण घंटी वाजली का समजाचं, बुढा ठीक आहे."

माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना हे कळायला महिना लागला होता. मला कोण अभिमान वाटला.

दिवाळीनंतर मी नोंदी ठेवायला लागले. सुरुवातीला आलेख ओबडधोबड होता. कधी बाबा साडेबाराला जेवायचे, कधी दोनला, कधी फ्रिज तीनदा उघडायचे आणि खुर्चीवर बसायचेच नाहीत. मग हळूहळू तो सुधारत गेला. डिसेंबरात तर असा झाला, की रोजच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या तर एकच रेघ दिसावी. एक वाजता फ्रिज. वीस मिनिटं खुर्ची. मी तो आलेख दिल्लीच्या एका परिसंवादात भिंतीएवढा करून दाखवला. प्रश्न आले, टाळ्या मिळाल्या. चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाले, "मॅडम, आपके पिताजी तो घड़ी हैं, घड़ी!" फेब्रुवारीत एक समिती संस्थेत येणार होती आणि तिला नमुन्याचं घर म्हणून माझंच घर दाखवायचं ठरलं.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी एकच धडा द्यायचे: ज्या नोंदीत जराही थरथर नाही, ती नोंद खोटी समजा. एक तर उपकरण बंद पडलंय, नाहीतर कुणीतरी हात घातलाय. खऱ्या जगातून येणारं मोजमाप कधी इतकं गुळगुळीत नसतं. हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगितलं आणि बापाच्या बाबतीत विसरले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बरं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं असंही नाही. रात्री ते आमच्याबरोबर बसायचे, पण वाटीभर ताक किंवा पातळ वरण घ्यायचे. "दुपारी लय झालं आज," म्हणायचे. मला पटायचं, कारण दुपारचा पुरावा माझ्याकडे होता. दोन स्वेटर आणि वर शाल, त्यात माणूस किती उरलाय ते कळत नाही. एकदा मुलगी म्हणाली, "मम्मा, आजोबा पतले हो गए हैं." मी तिला आलेख दाखवला.

जानेवारीत, धुकं दुपारपर्यंत न उठण्याच्या दिवसांत, एके दिवशी बाराच्या सुमाराला आमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीतलं नेटवर्क गेलं. पडदा काळा. समिती तोंडावर आलेली. घरची डबी तरी ठीक आहे का ते बघावं म्हणून मी स्कूटर काढली. बाबांची काळजी वाटली म्हणून गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी डबी बघायला गेले.

डबी मागच्या व्हरांड्यात, म्हणून मागूनच शिरले. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. एक वाजत आला होता. बाबा भिंतीला धरून आत आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, फ्रिज उघडला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि लावला. आतलं काहीच बाहेर काढलं नाही. नळ सोडला, हात न घालता तसाच वाहू दिला, बंद केला. मग खुर्चीवर जाऊन बसले. समोर टेबल रिकामं. हात मांडीवर. नजर घड्याळावर.

मी दारामागे उभी राहिले. आत जायला हवं होतं, पण गेले नाही. वीस मिनिटं ते तसे बसले आणि वीस मिनिटं मी त्यांना पाहिलं. मनगटं केवढी झाली होती! गालफडं आत गेली होती, मानेच्या शिरा वर आल्या होत्या. तीन महिने दिवसातून दहा-दहा वेळा मी या माणसाची चौकशी करत होते आणि त्याच्याकडे असं पाहिलं मात्र त्या दिवशी. मला इतकी लाज वाटली, की ती आठवली तरी अजून कान तापतात.

वीस मिनिटं झाली तसे ते उठले आणि पुन्हा नळाशी आले. तेव्हा मी दिसले.

"तू इथं काहून?"

"नेटवर्क गेलंय, बाबा. तासाभरापासून तिकडे काहीच पोचत नाही."

ते नळाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मंग हे मी कोणासाठी करून राहिलो होतो?"

मी त्यांना धरून पलंगावर नेलं. तेव्हा त्यांनी सांगितलं: घास अडकत होता, दिवाळीच्या आधीपासून. पहिल्यांदा पोळी, मग भात. आता चहा आणि पातळ वरणाचं पाणी तेवढं उतरत होतं. माझा सकाळचा स्वयंपाक भांडी घासायला येणारी बाई घेऊन जायची. मी तिला दुसऱ्या दिवशी फैलावर घेतलं तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "दीदी, पापाजी ने कसम दित्ती सी. मैं की करदी?" बाबांनीच शपथ घातल्यावर तिला रागावण्यात अर्थ नव्हता. तिने निदान त्यांच्या तोंडाकडे बघितलं होतं.

"मला सांगितलं का नाही?" मी त्या दुपारीच बाबांना विचारलं.

"तुही कमिटी होती ना. म्हटलं, ते होऊन जाऊ दे." त्यांनी शाल नीट ओढून घेतली. "आयुष्यात कधी खोटा लाइन क्लिअर नाही दिला मी. हा पहिला. पण एक सांगू? तुही माय गेल्यावर मी जेवलो का नाही, हे कोणी पाहेच ना. तू पाहून राहिली होती. मले बरं वाटे. बिमारीचं सांगितलं असतं, तर तू तारा काढून टाकल्या असत्या अन् मले दवाखान्यात टाकलं असतं."

मी त्यांच्यापाशी बसून मोठ्याने रडले. मुलगी घरात नव्हती हे बरं झालं.

बत्तीस सेक्टरच्या सरकारी रुग्णालयात तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी पेन उघडून विचारलं, "खाना कब से कम हुआ?" माझ्याकडे ऐंशी-नव्वद दिवसांची मिनिटामिनिटाची नोंद होती. फ्रिज किती वाजून किती मिनिटांनी उघडला हे मी सांगू शकले असते. ते काय विचारत होते, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते बाबांनीच दिलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "थोड़ा पहले आ जाते..." पुढचं त्यांनी गिळलं. मी समजले.

समिती आली तेव्हा मी रजेवर होते. तारा मी काढून टाकल्या, पण यंत्रांवर राग धरला नाही. यंत्राने कुठे खोटं सांगितलं? फ्रिज उघडला, असं ते म्हणालं आणि फ्रिज उघडलाच होता. 'जेवले' हा शब्द माझा होता. आता लोकांच्या मनगटावर झोप आणि ठोके मोजणारी घड्याळं असतात. ओळखीतली पोरं परदेशातून आईबापांच्या घरी काय काय बसवतात आणि मला सल्ला विचारतात. मी नको म्हणत नाही. जरूर बसवा म्हणते. फक्त सगळं फार छान दिसायला लागलं, तर त्याच दिवशी तिकीट काढा, एवढं सांगते. बहुतेक जण हसतात.

बाबा एप्रिलपर्यंत होते. मी बिनपगारी रजा टाकली. धुकं जाऊन ऊन आलं, तशी त्यांची खाट पुढच्या हिरवळीवर काढायचे आणि मुगाचं पाणी चमच्याने भरवायचे. एक चमचा उतरायला कधी पाच मिनिटं लागायची. आम्ही बोलत बसायचो. गाड्यांबद्दल, आईबद्दल, तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीबद्दल. आयुष्यभरात आम्ही इतकं बोललो नव्हतो.

शेवटच्या आठवड्यातल्या एका दिवशी चार चमचे झाल्यावर त्यांनी हाताने थांब म्हटलं. थोड्या वेळाने डोळे न उघडताच विचारलं, "किती झालं आज?"

"संपली वाटी," मी म्हणाले. "सगळी संपली, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. वाटी माझ्या हातात, त्यांच्या तोंडासमोरच होती, आणि जवळजवळ भरलेली होती. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वा," ते म्हणाले. "लय झालं मंग आज."