वजिफ्याची शेरवानी

उभ्या आयुष्यात मी एकच शेरवानी शिवली, आणि ती माझ्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त शोभली.

निजामाच्या राज्यात बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मी अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकूनच. उर्दूत म्हटलं की पगार तेवढाच राहतो, मान जरा ताठ होते. गरीब मुलांना सरकारकडून जेवणखाणापुरता वजीफा मिळायचा, त्याचं काम माझ्याकडे. बाहेरगावच्या पोरांना पथारी टाकायला जागा बघणं, कुणाला हिवताप आला तर हकिमाकडे नेणं, कुणाचा बाप तणतणत आला तर त्याला पान-तंबाखू देऊन खाली बसवणं, हेही माझ्याच गळ्यात. ही कामं मला कुणी नेमून दिलेली नव्हती. मला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही, एवढीच माझी त्यातली लायकी.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मी स्वतःला जाणकार समजत असे. त्याला कारण घडलं होतं. नोकरीसाठी पहिल्यांदा कचेरीत गेलो तेव्हा दारातच लाल पट्टा, पितळी बिल्ला आणि भरघोस पागोटं अशा थाटात एक गृहस्थ उभे होते. मी कमरेत वाकून त्यांना तीन सलाम घातले. ते चपराशी निघाले. आत खाटेवर साध्या कुडत्यात जे पाय चोळत बसले होते, ते साहेब. त्यांना मी विचारलं, “साहेब कधी येतील हो?” दुसरा एखादा यातून शिकला असता की कपड्यांवर जाऊ नये. मी शिकलो की कपड्यांत फार ताकद असते. नोकरी लागल्याबरोबर आधी शेरवानी शिवली. काळी, अंगाबरोबर, गळ्यापर्यंत गुंड्यांची.

घरी बायकोनं मला चारी बाजूंनी न्याहाळलं. “तुमचीच हाय ना?”

“म्हणजे?”

“न्हाई, अंगावर कुनाची तरी मागून आणल्यावानी दिसती म्हून इचारलं.”

तर ती शेरवानी.

आमच्या मदरशात पाटोद्याकडचा एक जण शिकायला होता. पोरगा म्हणवत नाही. त्याला मिशा होत्या, लग्न झालेलं होतं, आणि वर्गात त्याच्या मागच्या पोरांना फळा दिसत नाही म्हणून त्याला कायमचं शेवटी बसवलेलं होतं. उशिरा शाळेत आलेला. बैलांमागं चालताना पाढे पाठ केलेला. त्याच्या गावात शिकवणारं कुणी नव्हतं, आणि औरंगाबादेची परीक्षा देऊन आपण गावात मुदर्रिस म्हणून परत जायचं, एवढंच त्यानं धरून ठेवलं होतं. लई हुशार नव्हता. पण एकदा कळलेलं त्याच्या डोक्यातून जात नसे. माझ्या डोक्याचं उलटं आहे.

तो मदरशाच्या मागं, जिथं तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या घोड्यांचा चारा ठेवायचे, त्या पडवीत राही. जागा मीच मिळवून दिली होती. आठवड्याच्या बाजाराला त्याचा बाप मांजरसुंब्याचा घाट ओलांडून बैलगाडीनं यायचा आणि ज्वारीच्या भाकरींचं गाठोडं देऊन जायचा. पहिले दोन दिवस त्या भाकरी असत. मग त्यांचे पापड होत. बाजार जवळ आला की तो त्या दगडावर कुटून, पाण्यात भिजवून, मीठ-मिरची लावून खायचा. मी एकदा म्हटलं, “अबे, दात पडतील तुझे.” तर म्हणाला, “दातानं खात न्हाई मुन्शीजी, पान्यानं खातो.”

त्या वर्षी बापानं त्याला मुदत घातली. पाडव्याला साल बदलतं, शेतावरचे सालगडी त्या दिवशी ठरतात. बाप मला भेटून स्वच्छ बोलून गेला होता: “मुन्शीजी, माझी पाठ आता वाकत न्हाई. पाडव्याच्या आत सरकारनं ह्याच्या पोटाचं बघितलं, तर ह्याच्या भाकरीचे दाने सालगड्याला घालतो अन् गडी ठिवतो. न्हाई बघितलं, तर ह्योच माझा गडी. दोन तोंडं न्हाई मला भागत.”

हिशेब सरळ होता. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, “काळजी सोडा. वजीफा माझ्याकडंच असतो.” माझ्याकडे दरख्वास्ती असत. वजीफा तालीमातच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, मोहतमीम साहेबांकडे असे. पण त्या वेळी बोलायला ते बरं वाटलं.

फाल्गुनात मोहतमीम साहेब दौऱ्यावर येणार, आणि त्या खेपेला गरिबीचा वजीफा एकच शिल्लक होता. दरख्वास्ती दोन. एक ह्याची, दुसरी गावातल्या एका विणकराच्या विधवेच्या मुलाची. साहेब दोघांना समोर उभं करून विचारणार आणि तिथंच ठरवणार.

मी तयारीला लागलो. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, दम्याचे आजारी आणि मोजकं बोलणारे. मला लगबग करताना पाहून ते म्हणाले, “मुन्शीजी, जैसा है वैसा जाने दो.” मी मान हलवली आणि घरी जाऊन खुंटीवरून शेरवानी काढली. शर्यतीच्या आदल्या दिवशी बैलाच्या शिंगांना हिंगूळ कोण लावत नाही?

शेरवानी त्याच्या अंगावर चढवली आणि मी दोन पावलं मागं सरलो. नांगराचे खांदे होते ते. शिंप्यानं मापं माझी घेतली होती, पण मनात बहुधा असा कुणीतरी धरला असावा. डोक्याचं मुंडासं काढून माझी रुमी टोपी ठेवली. बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, “आता कशी मालकाला भेटली.” मला ते लागलं; पण कामाच्या वेळी मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही.

मग बोलण्याची तालीम. त्याची उर्दू बाजाराची. दखनीत बैलाचा सौदा त्यानं केला असता, पण साहेबासमोर ‘नक्को’ म्हणाला असता तर? म्हणून मी त्याला एक नियम दिला. “साहेबासमोर ‘नाही’ हा शब्द काढायचा नाही. बेअदबी होते. साहेब काहीही विचारोत, तू मान लववून ‘जी हुजूर’ म्हणायचं. पुढचं मी सांभाळतो.”

“काईबी इचारलं तरी?”

“काहीही.”

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीवर, मी त्यांच्या पाठीमागं कागद धरून. विणकराचा मुलगा आधी आला. ठिगळाचा, पण स्वच्छ कुडता. साहेबांनी विचारलं, घरात कमावणारं कोण? तो म्हणाला, “कोई नहीं साहब.” बेअदब, मी मनात म्हटलं.

मग आमचा माणूस आत आला. साहेबांनी चष्मा वर केला. एवढा वेळ ते खुर्चीत रेलले होते, ते सरळ बसले. मला वाटलं, जिंकलं.

“वालिद खेती करते हैं?”

“जी हुजूर.”

“ज़मीन अपनी है?”

“जी हुजूर.”

आता हे खरंच होतं. जमीन स्वतःची होती, पण ती जमीन बघितली तर म्हणाल, डोंगरानं चुकून खाली सांडलेले दगड आहेत. हे सांगायला वाव नव्हता.

“बैल?”

“जी हुजूर.”

मी साहेबांच्या मागून हातानं ‘नको नको’ केलं. त्याला वाटलं, आणखी वाकायला सांगतात. तो आणखी वाकला. खांद्यापाशी शिवण कुरकुरली.

“माशाअल्ला, शेरवानी अच्छी है. तुम्हारी है?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला प्रश्न नीट कळला होता. मला त्याच्या डोळ्यांत दिसलं, तो विचारतोय की नियम इथंही लागू का? आणि मी, काय करावं हे न सुचून, मान हलवली. कशासाठी हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. मान हलवायची सवय.

“जी हुजूर.”

“फिर तो बग़ैर वज़ीफ़े के भी पढ़ लोगे?”

त्याचा आवाज या खेपेला खाली गेला होता.

“जी हुजूर.”

साहेब उठले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “शाबाश. ख़ुद्दार लड़का है,” असं हेडमास्तरांना म्हणाले, आणि वजीफा विणकराच्या मुलाच्या नावे लिहिला. त्या मुलाबद्दल मला वाईट बोलता येत नाही. त्याच्या घरीही चूल एक दिवसाआड पेटायची. तो लबाड असता तर मला तेवढाच आधार झाला असता.

इथं थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. साहेबांच्या मनात आमचा माणूस स्वाभिमानी म्हणून राहिला होता; दुसरा एखादा वजीफा निघाला असता, कुठं शब्द टाकला असता. पण केलेला घोळ निस्तरल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि निस्तरायला गेलो की तो दुप्पट होतो. तिसऱ्या प्रहरी मी मुसाफिर बंगल्यावर पोचलो. साहेब अस्रच्या नमाजासाठी वजू करत होते. मी त्यांना ते पुरतं करू द्यायला हवं होतं. ते पाय धूत असतानाच मी सगळं ओतलं: शेरवानी माझी आहे, टोपी माझी आहे, त्याचं काही नाही, तो फार गरीब आहे.

साहेबांनी लोटा खाली ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मुन्शी, अभी तक वह लड़का मेरे लिए ख़ुद्दार था. आप कह रहे हैं, झूटा है.”

“हुजूर, मैंने सिखाया था.”

“आपने सिखाया. कहा तो उसने.” त्यांनी लोटा पुन्हा उचलला. “मेरे मुँह पर झूट बोला हो, उसको वज़ीफ़ा मैं कैसे दूँ? न इस साल, न अगले.”

परत येताना बिंदुसरेच्या पात्रातून आलो. पाणी आटत आलं होतं. कुणी तरी विचारेल आणि मग काय सांगायचं, म्हणून पूल टाळला.

पडवीत तो अभ्यास करत बसला होता. शेरवानी त्यानं दोरीवर वाळत घालावी तशी नीट पसरून ठेवली होती. मी सगळं सांगितलं. बंगल्यावर गेलो होतो, हेही. त्यानं बोटानं पुस्तकाची कड सरळ केली.

“मुन्शीजी, बैलाचं इचारलं तवाच मला कळलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीस, बे?”

“तुमी म्हनले व्हते ना. पुढचं मी सांभाळतो.”

त्यानंतर पाडव्यापर्यंत त्यानं एक दिवसही वर्ग चुकवला नाही. मला वाटायचं, आता जायचंच आहे तर कशाला घासतोस? पण ते मी त्याला विचारलं नाही. माझ्या विचारण्याचं काय होतं ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. त्याला वाट काढून देता येते का म्हणून मी दोन-चार घरी शब्द टाकला. एका घरी गोठा झाडायच्या बदल्यात एक वेळचं जेवण मिळत होतं. तो म्हणाला, “माजं पोट न्हाई मुन्शीजी, दादाची पाठ हाय आता.” दादा म्हणजे त्याचा बाप. मुदत बापानं घातली होती, पण ती त्याला स्वतःलाही मान्य होती, हे मला तेव्हा कळलं.

पाडव्याला सकाळीच बाप आला. बैलांच्या गळ्यात कडुलिंबाचे डहाळे बांधलेले. मुलगा आपली वळकटी घेऊन तयारच होता. बापानं मला रामराम घातला, गाडीतून उतरला आणि मधले बाजार मी ज्यासाठी त्याला चुकवले होते, तीच गोष्ट विचारली.

“कावून दिला न्हाई वो सायबानं?”

माझ्या तोंडात शब्द होते. मी ते जुळवत होतो. तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “जागा एकच व्हती, दादा. ज्याला मिळाली त्याला बाप न्हाई.”

“मंग बराबर हाय,” बाप म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “तुमी लई केलं मुन्शीजी. स्वतःचा कोट घातला म्हनं पोराला. आजकाल कोन करतंय एवढं.”

मी मान हलवली.

मुलानं घडी केलेली शेरवानी आणि टोपी माझ्या हातात दिली. खांद्याची उसवलेली शिवण त्यानं जाड दोऱ्यानं शिवली होती, गोण शिवतात तशी. मग तो जुवाजवळ जाऊन बैलाच्या गळ्याची सापती नीट करू लागला. मदरशाकडे त्यानं वळून पाहिलं का, ते मला ठाऊक नाही. मी त्या शिवणीकडे बघत होतो.

गाडी हलायच्या आधी बापाला काही आठवलं. त्यानं मागं हात घालून भाकरींचं गाठोडं काढलं. नेहमीएवढंच, आठवड्याचं.

“ह्याच्या मायनं बडवल्या व्हत्या,” तो बैलांच्या पाठीकडे बघत म्हणाला, आणि मला ते एकदम उमगलं नाही. मग म्हणाला, “सूनबाई म्हनत व्हती, साहेबाचं मन काय सांगता येतंय, मिळालाबी असंल वजीफा. तर न्या आपल्या. आता हितं कोन खानार? तुमी खावा.”

मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. मला ते म्हणता येत नाही.

घरी गाठोडं ठेवलं. बायकोनं कुणाचं म्हणून विचारलं, मी सांगितलं. तिनं त्या दिवशी पोळ्या करायचं टाकलं. सणाचा दिवस असून आम्ही त्या भाकरी खाल्ल्या, दुसऱ्या दिवशीही खाल्ल्या. ती मला एकही शब्द बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्याची मला सवय नव्हती. कचेरीत मी ती शेरवानी घालूनच जात होतो, दुसरी नव्हती. हात वर केला की तो जाड दोरा खांद्याला टोचायचा.

बाजाराचा दिवस जवळ आला तसं ती खाली उरलेल्या भाकरी दगडावर कुटू लागली. माझ्यापुढे थाळी सरकवली, पाण्याचा तांब्या ठेवला. मी एक तुकडा दाताखाली धरला. तो फुटेना.

“पान्यानं खावा,” ती म्हणाली.